प्रपंचांतील चार गोष्टी : मुंबई पाहावयाची राहिली

कर्जत-खालापूरकडील ज्या घरांतून रोज कोणी ना कोणी नोकरीसाठीं मुंबईस जातो, त्या घरीं मुंबईची माहिती विपुल असते. परंतु ती बहुधा एकाच माणसापाशीं असते. पहांटे चारला उठून त्याचा डबा भरणाऱ्या गृहिणीस मुंबई भेटते ती इस्पितळांत, लग्नमंडपांत किंवा कोणाच्या समाचारास जावें लागलें म्हणजे. सुमारें १०० किलोमीटरांवरील हें शहर केवळ पाहण्याकरितां तिनें किती वेळां पाहिलें, हें ज्यानें त्यानें आपल्या घरीं विचारावें.

वस्तुतः आपला व मुंबईचा संबंध फार जुना. मुंबई-ठाणें लोहमार्ग १८५३ सालीं सुरू झाला आणि १८५६ मध्यें गाडी खोपोलीस आली. बोरघाटाचा मार्ग १८६३ सालीं पुरा होईपर्यंत पुण्याकडील उतारूंना तो घाट पालखींतून किंवा पायीं ओलांडावा लागे. पुणेकरांस सलग गाडी मिळण्यापूर्वीं सात वर्षें ती आपल्या दारीं उभी होती!

तेव्हां गृहस्थांनीं एक रजा यासाठीं खर्च करावी. रविवारीं रूळदुरुस्तीमुळें गाड्यांचा भरंवसा नसतो. म्हणून आठवड्यांतील साधा दिवस बरा. कचेरीची गर्दी ओसरल्यावर कर्जतहूनच सुटणारी जलद गाडी धरली, तर बसावयास जागा मिळते व दोनएक तासांत छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस येतें. पाहावयास आरंभ तेथूनच करावा. स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्यानुसार १८७८ ते १८८८ या काळांत उभारलेल्या या इमारतीस २००४ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला. तिच्या दगडांत कोरलेलीं पानें, फुलें व पशुपक्षी यांत जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे. रोज त्यांखालून धांवत जाणाऱ्या गृहस्थांनींही तीं मान वर करून क्वचितच पाहिलीं असतील.

तेथून छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय गांठावें. १९२२ पासून लोकांसाठीं खुल्या असलेल्या या वास्तूचा घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण देतो. सगळीं दालनें एका दिवसांत पाहण्याचा हव्यास नको. मूर्तींचें दालन व लघुचित्रें मनसोक्त पाहिलीं तरी पुरे. दुपार कलल्यावर गिरगांवची चौपाटी. १९२० सालीं लोकमान्यांच्या पार्थिवास अग्नि दिला तो येथेंच, हें मुलांना वाळूवर बसूनच सांगावें. पुस्तकांतल्यापेक्षां तें अधिक लक्षांत राहतें. बरोबर वडील माणसें असतील तर टॅक्सीचे पैसे वांचवूं नयेत.

आतां खाण्याविषयीं. या सहलीचा एकच कडक नियम : घरून डबा न्यावयाचा नाहीं. जिनें वर्षानुवर्षें डबे भरले, तिला एक दिवस दुसऱ्याच्या हातचें गरम ताटांत मिळूं द्यावें. स्टेशनासमोरच्या जुन्या पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी, धोबीतलावाच्या कयानींत इराणी चहा व मस्कापाव, गिरगांवांत पणशीकरांचें पियूष, आणि सूर्यास्ताच्या वेळीं चौपाटीवर भेळ. एवढ्यांत उत्तर हिंदुस्थान, इराण व कोंकण यांची चव घेऊन होते. मुंबईचें मोठेपण इमारतींइतकेंच या पंक्तींत आहे. पोटासाठीं आलेल्या प्रत्येकानें येतांना आपली चूल बरोबर आणली.

परतीची घाई मात्र करूं नये. सायंकाळीं पांच ते आठ या वेळेंत कर्जत गाडींत शिरणें म्हणजे सहलीचा सारा आनंद दारांतच सांडणें होय. आठनंतरची गाडी धरावी. उशीर झाला तरी चालेल. कर्जतच्या फलाटावर बटाटेवडे मिळाले तर ते बांधून घ्यावेत, आणि घरीं पाऊल टाकल्यावर “थोडी खिचडी टाकतेस का?” हें वाक्य कोणीही उच्चारूं नये. सहल कितपत साधली, याची खरी परीक्षा तेथेंच आहे.