वाटणीच्या वेळी शरियत कुठे जाते?

परवा पुण्यातल्या एका व्याख्यानमालेत एक विद्वान गृहस्थ दीड तास बोलले. सार एवढेच: इस्लाम हा बंदिस्त धर्म, त्यात बदलाला जागा नाही; तेव्हा बदल मागणारी मुसलमान बाई एक तर मनाने धर्माबाहेर गेलेली असते, नाही तर तिला धर्म कळलेला नसतो. टाळ्या पडल्या. हेच एखादा कडवा मौलाना बोलला असता तर याच सभागृहाने नाके मुरडली असती. मुसलमान बाईचा कळवळा मात्र गृहस्थांना फार. दीड तासात तिचे एकही म्हणणे त्यांच्या तोंडून आले नाही, ही बाब वेगळी.

आता ती न बदलणारी शरियत पाहू. १८४७ साली मुंबईच्या तेव्हाच्या सुप्रीम कोर्टात खोजा आणि मेमन घरांतल्या मुलींनी दावा लावला. कुराणाने बापाच्या मालमत्तेत मुलीला वाटा दिला आहे, तो द्या, एवढेच मागणे. घरचे पुरुष म्हणाले, आमच्यात तशी चाल नाही! न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी चाल उचलून धरली आणि मुली हात हलवत परतल्या. म्हणजे कुराण सांगत होत्या बायका, आणि ते बाजूला सारत होते पुरुष. बरे, पुढे १९३७ साली शरियत लागू करणारा कायदा आला. त्यातून शेतजमीन वगळली. जमीन हा प्रांतांचा विषय, हे कारण खोटे नव्हते. पण ज्यांच्या जमिनी त्यामुळे शाबूत राहिल्या, त्यांनी बहिणींच्या वाट्यासाठी प्रांताचे दार ठोठावल्याचे फारसे ऐकिवात नाही. मृत्युपत्र आणि दत्तक यांची बाब तर ऐच्छिक ठेवली. लेखी जाहीर कराल तर शरियत, नाही तर आहे ती चाल चालू द्या.

आणि १९३९चा फारकतीचा कायदा? हनफी या सुन्नी धर्मशास्त्राच्या शाखेच्या मताप्रमाणे नवरा परागंदा झाला तर बायकोने जवळजवळ जन्मभर वाट बघायची. पंजाबातल्या बायकांनी तोड काढली: इस्लाम सोडल्याचे जाहीर करायचे, की निकाह तुटला. तेव्हा कुठे उलेमांची झोप उडाली. अश्रफ अली थानवींसारख्या कर्मठ आलिमाने मालिकी या दुसऱ्या शाखेच्या मताचा आधार शोधून दिला आणि कायद्यात आले की नवरा चार वर्षे बेपत्ता असेल तर बायकोला फारकत मागता येईल. धर्म सोडल्याने निकाह आपोआप तुटणार नाही, हेही त्याच कायद्यात घालून ती पळवाट बुजवली, तो भाग निराळा. धर्म न कळलेल्या बायकांनी आलिमांना कामाला लावले ते असे.

आणखीही ऐकू येते: ‘कोर्टाचा बदल म्हणजे बाहेरून लादलेला बदल.’ २०१७च्या तिहेरी तलाकच्या निकालात बहुमतातल्या एका न्यायमूर्तींनी कुराणाचाच आधार घेतला होता. ‘त्यांच्या बायकांनाच बुरखा हवा असतो.’ काहींना हवा असतो, काहींना नसतो, विचारून पाहावे.

तसा हा छातीठोकपणा पुण्याला नवा नाही. १८९१ साली मुलीचे संमतिवय दहाचे बारा करायचे म्हटले, तेव्हा धर्म बुडाला म्हणून इथल्याच शहाण्यांनी आकाशपाताळ एक केले होते. आता त्यांचे पणतू दुसऱ्याच्या धर्माला ‘बदल अशक्य’ असा दाखला देतात.

माझे म्हणणे थोडके आहे. बदलाची जागा निकाहनाम्यात शोधावी. पाकिस्तानातल्या छापील निकाहनाम्यात अठरावा रकाना आहे: नवऱ्याने तलाकचा अधिकार बायकोला दिला आहे का? हनफी धर्मशास्त्राला हे मान्य आहे. पण निकाह लावणारे काझीसाहेब पुष्कळदा वधूला न विचारताच त्यावर आडवी रेघ ओढतात. ती रेघ काही कुराणाने ओढलेली नाही. आपल्याकडेही निकाहनाम्यात अशी अट घालता येते. मेहरच्या आकड्यावर दोन्हीकडचे वडीलधारे तासभर घासाघीस करतात. त्यातली पाच मिनिटे या अटीला द्यावीत, आणि त्या पाच मिनिटांत मुलीला बोलू द्यावे.