प्रवेश शिक्षणाला, की शरणागतीला?

मानसा किंवा फाजिल्का जिल्ह्यातील खेड्यातून निघालेला शेतकऱ्याचा मुलगा चंदीगडच्या बसस्थानकावर उतरतो, तेव्हा हातातील ट्रंकेपेक्षा घरच्या कर्जाचे ओझे त्याला जड वाटत असते. पंजाब विद्यापीठाच्या सेक्टर १४ मधील आवारात पाऊल टाकताच वसतिगृहातील जागा, खाणावळीचा खर्च, इंग्रजीतून चालणारे तास आणि अनोळखी शहर या साऱ्यांशी त्याला एकाच वेळी झुंजावे लागते. अशा वेळी विद्यापीठाने त्याच्या पाठीवर हात ठेवावा, ही अपेक्षा वावगी नव्हे. परंतु २०२५ च्या प्रवेशाच्या वेळी प्रशासनाने हात ठेवला तो त्याच्या तोंडावर!

पूर्वपरवानगीशिवाय धरणे वा निदर्शने करणार नाही, असे प्रतिज्ञापत्र नव्या विद्यार्थ्यांकडून मागण्यात आले. अट मोडल्यास प्रवेशच धोक्यात! ज्याला अजून वर्गाची वाटही ठाऊक नाही, त्याने संविधानाच्या १९ व्या कलमाने दिलेला हक्क दारातच गहाण ठेवावा, असा हा सौदा होता.

‘विद्यार्थी शिकण्यासाठी येतात, त्यांना शिस्त हवी,’ असा युक्तिवाद यावर केला जातो. मग शिकणे ज्यामुळे शक्य झाले, त्याचा हिशेब मांडलाच पाहिजे. एप्रिल २०१७ मध्ये काही अभ्यासक्रमांचे शुल्क अनेक पटींनी वाढविण्यात आले, तेव्हा रस्त्यावर उतरलेल्या विद्यार्थ्यांना अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे झेलावे लागले. त्यांच्यावर राजद्रोहाचे कलमही लावण्यात आले आणि पुढे ते मागे घ्यावे लागले. २०१८ साली कनुप्रिया या विद्यार्थी परिषदेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. त्या वर्षी ४८ दिवस धरणे चालले, तेव्हा कुठे मुलींच्या वसतिगृहाचे दार चोवीस तास उघडे ठेवण्यास सिनेटने मान्यता दिली. आज नवी विद्यार्थिनी रात्री ग्रंथालयातून निर्धास्त परतते, ती ‘शिस्ती’च्या कृपेने नव्हे, आधीच्या मुलींनी थंडीत काढलेल्या रात्रींमुळे!

प्रशासनाला स्वतःच्या संस्थेचा इतिहासही आठवू नये, हे अधिकच खेदजनक आहे. १८८२ साली लाहोरमध्ये स्थापन झालेले हे विद्यापीठ १९४७ च्या फाळणीत बेघर झाले. सोलनमध्ये कार्यालय थाटून त्याने दिवस काढले आणि मगच चंदीगडला ते स्थिरावले. जे विद्यापीठ एके काळी स्वतःच परका पाहुणा होते, त्याने नवागतांना संशयाने वागवावे काय?

प्रतिज्ञापत्रामागील हेतू लवकरच उघडा पडला. २८ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून सुमारे ९० सदस्यांची सिनेट ३१ वर आणली आणि पदवीधरांच्या जागा पुसून टाकल्या. तोंड आधी बांधायचे आणि मतपेटी नंतर उचलून न्यायची, हा क्रम योगायोगाचा म्हणता येईल काय? पण उपोषण, धरणे आणि विद्यार्थ्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या शेतकरी संघटना यांच्यापुढे दोन्ही डाव फसले. ७ नोव्हेंबरला अधिसूचना मागे घेण्यात आली. प्रतिज्ञापत्रही त्याच महिन्यात गुंडाळावे लागले.

महाराष्ट्राने या लढ्याकडे दूरची बातमी म्हणून पाहू नये. येथे १९९४ च्या कायद्याने खुल्या विद्यार्थी निवडणुका बंद पाडल्या. २०१६ च्या कायद्याने त्या कागदावर परत आणल्या, तरी त्या लांबणीवरच पडत राहिल्या. चंदीगडच्या तरुणांनी दिलेला धडा सोपा आहे. विद्यापीठात पहिल्या दिवशी आलेला विद्यार्थी हा उपकार मागणारा याचक नव्हे, तो त्या संस्थेचा समान हक्काचा नागरिक आहे. त्याच्यापुढे प्रवेशपत्रिका ठेवा. शरणागतीचा करारनामा नको!