लातूरचा हंडा आणि न्यूयॉर्कचे पुस्तक

१/ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली दहा वाघिणींची पाणीगाडी सुमारे ३४० किलोमीटर अंतर कापून लातूरला पोचली. गाडीत ५ लाख लिटर पाणी होते. वाघिणी त्याआधी कोटा येथील रेल्वे कारखान्यात वाफेने धुतलेल्या. पुढे ही वाहतूक देयकासह कागदावर आली आणि रेल्वेच्या उत्पादनात, म्हणजे देशाच्या उत्पन्नात जमा झाली. त्याच आठवड्यात लातूरच्या गल्लीबोळांतून डोक्यावर हंडा आणि कमरेवर घागर घेऊन बायका फिरत होत्या. वाहतूक तीही होती. ती कोठेच जमा झाली नाही. हे का झाले, त्याचा हा थ्रेड.

२/ या प्रश्नाचे एक लोकप्रिय उत्तर समाजमाध्यमांवर तयार मिळते: जीडीपी हे पाश्चात्त्यांचे माप, त्यांनी ते आपल्या सोयीने घडवले आणि वसाहतींच्या गळ्यात बांधले. ऐकायला बरे वाटते. त्यात थोडे तथ्यही आहे. पण उरलेला भाग इतिहासाला धरून नाही, आणि तो घातक आहे. कारण त्यामुळे आपल्याच कचेरीतील दोषी सुटतो.

३/ देशाचे उत्पन्न कसे मोजावे, यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने एक नियमग्रंथ चालत आला आहे: राष्ट्रीय लेखा पद्धती. पहिली आवृत्ती १९५३ची, नंतर १९६८, १९९३, २००८ आणि आता २०२५. १९९३पासून संयुक्त राष्ट्रे, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक, ओईसीडी आणि युरोपीय आयोग असे पाच मालक या ग्रंथावर नाव घालतात. मसुदा देशोदेशीचे तज्ज्ञ वर्षानुवर्षे वाद घालून तयार करतात. हा ग्रंथ म्हणजे कायदा नव्हे. कोणता रकाना भरायचा आणि कोणता कोरा ठेवायचा, हे शेवटी प्रत्येक देशाचे सांख्यिकी खाते ठरवते. हे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे.

४/ मोजण्याची कल्पनाच परकी होती काय? दादाभाई नौरोजींनी १८७०च्या दशकात पिकांची आकडेवारी मांडून ब्रिटिश हिंदुस्थानचे दरडोई उत्पन्न वर्षाला २० रुपये काढले. सरकारी अधिकारी लहानमोठ्या जिल्ह्यांची सरसकट सरासरी काढतात, ही चूकही त्यांनी दाखवून दिली. राज्यकर्त्यांना अडचणीत आणण्यासाठी राष्ट्रीय उत्पन्नाचा आकडा वापरला गेला, तो येथे. लंडनच्या सरकारला तो नकोसाच होता.

५/ मात्र दादाभाईंच्या हिशेबात नांदेड नव्हते. पुढे व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९३१-३२चा जो नामांकित अंदाज केला, तोही ब्रिटिश हिंदुस्थानचाच. नांदेड निजामाच्या मुलखातला जिल्हा, आणि लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातले व्यापारी गाव. बाजारात चलन हाली सिक्क्याचे: हाली सात म्हणजे कलदार सहा. एस. केशव अय्यंगार यांनी १९२९-३० मध्ये हैदराबाद संस्थानातील खेड्यांची आर्थिक पाहणी केली होती, पण देशाच्या बेरजेत हा मुलूख यायला संस्थान जावे लागले.

६/ ४ ऑगस्ट १९४९. भारत सरकारने राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली. अध्यक्ष प्रशांतचंद्र महालनोबिस. सदस्य दोनच, व्ही. के. आर. व्ही. राव आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ. गाडगिळांचे नाव आता प्रवरेचा सहकारी साखर कारखाना किंवा केंद्र-राज्य निधीवाटपाचे ‘गाडगीळ सूत्र’ एवढ्यापुरतेच निघते. स्वतंत्र भारताच्या पहिल्या अधिकृत राष्ट्रीय उत्पन्नावर एका मराठी अर्थशास्त्रज्ञाची सही आहे, हे महाराष्ट्रातल्या पाठ्यपुस्तकांना सांगावेसे वाटत नाही.

७/ समितीला परदेशी सल्लागार तीन: सायमन कुझनेट्स, रिचर्ड स्टोन आणि जे. बी. डी. डर्कसेन. पहिल्या दोघांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, १९७१ आणि १९८४ मध्ये. पण १९४९ साली त्यांच्यासमोर बसलेली माणसे शिकाऊ नव्हती. रावांनी तोवर या विषयावर दोन ग्रंथ लिहिले होते. महालनोबिसांच्या नमुना पाहण्या जगभर अभ्यासल्या जात होत्या. आकडेवारीच्या उणिवा समितीने मोकळेपणाने नोंदविल्या. त्या भरून काढण्यासाठी १९५०पासून राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. गरीब, शेतीप्रधान देशाचे उत्पन्न कसे मोजावे याचा धडा त्या काळी भारत गिरवत नव्हता, घालून देत होता.

८/ पहिला अहवाल एप्रिल १९५१चा. १९४८-४९ या वर्षाचे उत्पन्न ८,७१० कोटी रुपये, दरडोई २५५. फेब्रुवारी १९५४च्या अंतिम अहवालात जनगणनेचे नवे आकडे घेऊन ते ८,६५० कोटी आणि २४६.९ रुपये झाले. आता या वर्षाकडे पुन्हा पाहावे. १९४८-४९! मराठवाड्यात रझाकारांचा धुमाकूळ, १३ सप्टेंबरची लष्करी कारवाई, १७ सप्टेंबरची मुक्ती आणि त्यानंतरची विस्कटलेली घडी, सारे याच वर्षात. देशाची पहिली बेरीज आणि नांदेडचा पहिला स्वतंत्र हंगाम एकाच वर्षाचे आहेत.

९/ आणि १९५३चा तो पहिला आंतरराष्ट्रीय ग्रंथ? तो ज्या तज्ज्ञगटाने सिद्ध केला, त्याचे अध्यक्ष रिचर्ड स्टोन होते. दिल्लीतल्या समितीचे सल्लागार होते तेच. त्या गटात एक भारतीय सांख्यिक बसला होता: मोनी मोहन मुखर्जी. तेव्हा ‘आपल्यावर लादले’ असे म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावे, की जेथे नियम लिहिले जात होते त्या मेजाशी आपलाच माणूस होता, त्याचे काय?

१०/ आरोपातले तथ्य वेगळ्या ठिकाणी आहे. १९४०च्या दशकात फिलिस डीन ही तरुण ब्रिटिश संशोधक उत्तर ऱ्होडेशियाचे, म्हणजे आजच्या झांबियाचे, उत्पन्न मोजत होती. इंग्लंडसाठी बेतलेले तक्ते हाती होते. खेड्यात गेल्यावर तिला दिसले, की बायका सरपण आणतात, धान्य कुटतात, रांधतात, आणि हे सोडून गावाच्या उत्पन्नाला अर्थच उरत नाही. तिने हे १९४८च्या आपल्या पुस्तकात लिहिले. १९५३च्या नियमांनी घरातल्या विनामोबदला सेवा बाहेरच ठेवल्या. हा दोष त्या ग्रंथाचा, आणि त्यात त्या काळच्या सर्वच देशांचे पुरुष तज्ज्ञ वाटेकरी आहेत, आपले धरून.

११/ पण कथा तेथे थांबत नाही, आणि येथेच आपल्याकडचे टीकाकार पुस्तक मिटून ठेवतात. १९९३च्या आवृत्तीने सीमा सरकवली. स्वयंपाक, झाडलोट, मुलांचे संगोपन या सेवा बाहेरच राहिल्या. मात्र घरच्या वापरासाठी काढलेली वस्तू कोणतीही असो, ती उत्पादन ठरली. सरपण गोळा करणे आत आले. पाणी आणणेही आत आले. ग्रंथाने दिलेले कारण वाचण्याजोगे आहे: पाणी आणून पुरवणे हे तत्त्वतः खनिज तेल उपसून नळाने वाहून नेण्यासारखेच काम आहे. हापशावरून घरी आलेला हंडा आणि तेलविहिरीवरून निघालेला नळ नियमाच्या एकाच ओळीत बसले.

१२/ मग लातूरचा हंडा कोठे सांडला? त्याच ग्रंथात पुढे एक सवलत आहे. एखाद्या वस्तूचे घरगुती उत्पादन देशातल्या एकूण पुरवठ्याच्या मानाने लक्षणीय असेल, तरच ते नोंदवावे. लक्षणीय आहे की नाही, हे ठरवायचे कोणी? त्या त्या देशाने. भारताने सरपणाची किंमत वनक्षेत्राच्या उत्पन्नात धरली. शेतकऱ्याने घरी खाण्यासाठी ठेवलेली ज्वारीही धरली. डोक्यावरून आणलेल्या पाण्याला मात्र २०११-१२ पायाभूत वर्षाच्या मालिकेपर्यंत किंमत लावली गेली नाही. ज्या देशात उन्हाळा आला की जिल्हाधिकारी टँकर मोजू लागतात, त्या देशाला पाणी वाहणे लक्षणीय वाटले नाही.

१३/ रोजगार पाहणीतही तीच गत. घरकामाबरोबर सरपण, चारा, भाजीपाला गोळा करणाऱ्या बाईला राष्ट्रीय नमुना पाहणी ‘९३’ हा संकेतांक देते, आणि ९३ म्हणजे श्रमशक्तीबाहेर. तिने गोळा केलेले सरपण देशाच्या उत्पन्नात जमा होते. ते गोळा करणारी कामकरी मात्र ठरत नाही. असला हिशेब गावच्या किराणा दुकानदाराने मांडला असता, तर त्याची वही फेकून दिली गेली असती.

१४/ ‘पण हंड्याची किंमत लावायची कशी?’ हा ठरलेला आक्षेप. स्वतःच्या घरात राहणारा मालक स्वतःला जे भाडे देतच नाही, त्याची किंमत राष्ट्रीय लेख्यांत दरवर्षी लावली जाते. काल्पनिक भाडे चालते, खरा हंडा चालत नाही! आणि लातुरात २०१६ साली पाण्याचा भाव कोणाला ठाऊक नव्हता? खाजगी टँकरचा दर प्रत्येक गल्लीला पाठ होता. पाणी भरण्याच्या जागी गर्दी होऊन दंगा होईल म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. ज्या वस्तूसाठी १४४ कलम लावावे लागले, तिचे मोल मोजता येत नाही, हे म्हणणे हास्यास्पद आहे.

१५/ दुसरे उदाहरण किल्लारीचे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतली दगडमातीची माळवदी घरे हजारो माणसांवर कोसळली. नवा नियमग्रंथ संमत झाला तो त्याच वर्षी. जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. हे बांधकाम स्थिर भांडवलाची निर्मिती म्हणून उत्पन्नात भर घालत गेले. कोसळलेली घरे मात्र कोठूनही वजा झाली नाहीत. ‘पाहा, भूकंपाने जीडीपी वाढतो,’ असे म्हणून ग्रंथाची टिंगल करणे सोपे आहे.

१६/ पण ग्रंथाने त्या हानीसाठी स्वतंत्र खाते सांगितले होते: आपत्तीत नष्ट झालेली मालमत्ता उत्पादनाच्या खात्यात नव्हे, मालमत्तेच्या अन्य बदलांच्या खात्यात लिहावी आणि देशाच्या ताळेबंदातून उतरवावी. उत्पादन एका वहीत, संपत्ती दुसऱ्या वहीत, हे तर्काला धरूनच आहे. आपण पहिली वही नेमाने लिहिली. दुसरी, म्हणजे देशाच्या संपत्तीचा पूर्ण ताळेबंद, आपण उघडलीच नाही. किल्लारीची जागा ग्रंथात आहे, आपल्या दप्तरात नाही.

१७/ ग्रंथ निर्दोष आहे असे यातून कोणी समजू नये. नांदेडच्या तख्त सचखंड हजूर साहिब येथील लंगरचा विचार करावा. ना-नफा संस्थेचे उत्पादन तिच्या खर्चाइतके, असा नियम. म्हणजे धान्य, इंधन, पगारी सेवकांचे वेतन एवढेच मोजायचे. पोळ्या लाटणाऱ्या आणि ताटे घासणाऱ्या सेवेकऱ्यांचे श्रम शून्य. उद्या तेच काम ठेकेदाराकडे दिले, तर जेवण तेच राहून देशाचे उत्पन्न वाढेल. येथे बोट न्यूयॉर्ककडेच दाखवावे.

१८/ हे सारे नांदेड-लातूरला का भोवते? जिल्ह्याचे उत्पन्न जिल्ह्यात मोजले जाते, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात राज्याच्या बेरजेतला मोठा हिस्सा काही निर्देशकांच्या आधारे खाली वाटला जातो. वर गळलेले खाली उगवत नाही. वि. म. दांडेकर यांच्या सत्यशोधन समितीने १९८४ मध्ये महाराष्ट्राचा प्रादेशिक अनुशेष काढला, तो रस्ते, सिंचन, शाळा, आरोग्य, पाणीपुरवठा अशा दिसणाऱ्या गोष्टी मोजून. सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा तो हिशेब मराठवाड्याच्या राजकारणाला आजही पुरतो आहे. नुसत्या दरडोई उत्पन्नावर विसंबले असते, तर ‘अनुशेष’ या शब्दाला एवढे वजन आले नसते.

१९/ मार्च २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने नवी आवृत्ती स्वीकारली. नैसर्गिक संपत्तीची झीज हा उत्पादनाचाच खर्च धरावा आणि निव्वळ आकड्याला अधिक महत्त्व द्यावे, असे ती सांगते. घरातल्या विनामोबदला सेवांसाठी पूरक खाते सुचवते. मांजरा खोऱ्यात उसाचे गाळप उत्पन्नात जमा होते आणि त्यासाठी खोल खोल गेलेली बोअर कोठेच वजा होत नाही. अशा मुलखासाठी हा बदल मोठा आहे. मेख एकच. ज्या पाण्याला बाजारात किंमत नाही, त्याची झीजही शून्य रुपयेच निघते. ती किंमत ठरवण्याचे काम पुन्हा देशाकडेच.

२०/ साधने नव्हती, असेही म्हणता येत नाही. वेळ कसा खर्च होतो याची पहिली पथदर्शी पाहणी भारताने १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत केली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये झाली. घरातली विनामोबदला कामे करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे वेळ जातो, पुरुषाचा ९७. या पाहणीच्या वर्गीकरणात पाणी आणणे घरकामात मोडत नाही. ते ‘स्वतःच्या वापरासाठी वस्तूंचे उत्पादन’ या विभागात येते. राष्ट्रीय लेखे तयार होतात, ते याच मंत्रालयात.