शांतीचा जमाखर्च



दिनांक 20 नोव्हेंबर 1956 रोजी काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बाबासाहेबांनी बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर भाषण केले, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. शोषण संपले पाहिजे हे दोघांनाही मान्य, पण एकाचा मार्ग रक्ताचा आणि दुसऱ्याचा मन पालटण्याचा, अशी त्या भाषणातील मांडणी. पुढे अवघ्या सोळा दिवसांत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले.

त्या भाषणाला पन्नास वर्षे आणि वर एक दिवस झाला तेव्हा, म्हणजे 21 नोव्हेंबर 2006 रोजी, नेपाळ सरकार आणि माओवादी यांनी शांतता करारावर सह्या केल्या. युद्ध 1996 ला सुरू झाले होते. दहा वर्षांत 13 हजारांहून अधिक माणसे मेली. माओवाद्यांच्या सैन्यात सार्की, कामी, दमाई अशा जातींतली पोरे-पोरीही होती. सार्की म्हणजे चामड्याचे काम करणारे, कामी म्हणजे लोहार, दमाई म्हणजे शिंपी. तिथल्या दलितांची संख्या सुमारे 13 टक्के. ही पोरे बंदूक घेऊन का गेली, हे आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज आम्हाला वाटत नाही.

सह्यांचे फोटो सगळीकडे छापून आले. पण सह्या झाल्या म्हणजे शांती झाली असे नव्हे. सैनिकांच्या छावण्या चालवायच्या, जळालेल्या पोलीस चौक्या बांधायच्या, संविधान सभेची निवडणूक घ्यायची, मेलेल्यांच्या घरी मदत पोचवायची. याला पैसा लागतो. तो कोणी दिला आणि कोणी वाटला, इकडे आमचे लक्ष जास्त जाते. जन्म कारकुनीत गेला, त्याला इलाज नाही.

2007 च्या आरंभी नेपाळ शांती कोष स्थापन झाला. ब्रिटन, नॉर्वे, स्वित्झर्लंड, फिनलंड, डेन्मार्क, जर्मनी, युरोपीय संघ आणि पुढे अमेरिका यांनी त्यात पैसे घातले. मात्र मोठा वाटा खुद्द नेपाळ सरकारचाच होता, हे विसरू नये. त्याच साली संयुक्त राष्ट्रांनीही नेपाळसाठी वेगळा शांती निधी काढला. सरकारला स्वतः करता येण्यासारखे नव्हते ते काम त्यातून व्हायचे.

अनेकांचे पैसे एका पेटीत घालायचे, ही कल्पना आपल्याला नवी नाही. जयंतीची वर्गणी आणखी काय असते? चार वाड्यांतून पैसे येतात. एक म्हणतो माझे पैसे मंडपालाच लावा. दुसऱ्याला चौथऱ्यावर नाव हवे. तिसरा म्हणतो मला हिशेब वेगळा दाखवा. प्रत्येकाचे ऐकले तर खजिनदाराच्या हाती पावतीपुस्तकांचा ढीग राहतो आणि पोरांच्या वह्यांना पैसा उरत नाही. म्हणून एक पेटी, एक वही, एक तपासणी. राष्ट्रांच्या बाबतीतही हाच विचार आहे. संयुक्त राष्ट्रांचा शांतता उभारणी निधी 2006 साली निघाला, त्यात देणाऱ्याने 'माझा पैसा अमक्याच कामाला' अशी अट घालू नये अशी अपेक्षा असते. भारतानेही जानेवारी 2021 मध्ये त्यासाठी दीड लाख डॉलर जाहीर केले.

अशा निधीच्या संचालकाची खुर्ची कशी असते, याचा वाचकांनी जरा विचार करावा. नेपाळचे आर्थिक वर्ष श्रावणात सुरू होते, ब्रिटनचे एप्रिलमध्ये, युरोपीय संघाचे जानेवारीत. खर्च एकच, पण तो तीन वर्षांच्या चौकटीत तीनदा बसवून दाखवायचा. वर मंत्री, बाजूला दाते, खाली जिल्हे. मंत्रिमंडळे बदलत राहिली तरी वही बंद ठेवता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या निधीत सांभाळणावळ म्हणून 1 टक्का आणि काम करणाऱ्या संस्थेचा वरखर्च म्हणून 7 टक्के आधीच वजा होतात. आपल्याकडे खजिनदाराने चहाचे पैसे धरले तरी सभेत बोंब होते!

आता मस्टरकडे येऊ. संयुक्त राष्ट्रांच्या पथकाने तपासणी करून 19,602 सैनिक पात्र ठरवले. 28 छावण्यांत त्यांना ठेवले. शस्त्रे लोखंडी कंटेनरमध्ये कुलूपबंद झाली, किल्ली माओवाद्यांकडे आणि पहारा संयुक्त राष्ट्रांचा. सैनिकांना महिन्याला भत्ता होता. 2011 च्या अखेरीस पुन्हा मोजणी झाली तेव्हा सुमारे 17 हजारच हजर निघाले. गैरहजर माणसांच्या नावे भत्ता उचलला गेला, असा आरोप जाहीरपणे झाला. रोजगार हमीची मस्टरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यात नवल वाटणार नाही. अखेर 1,400 च्या आसपास नेपाळच्या सैन्यात गेले आणि बहुतेकांनी 5 ते 8 लाख नेपाळी रुपये घेऊन घर गाठले.

पण आमचे मन अडकते ते दुसऱ्याच आकड्यावर. त्या तपासणीत 4,008 जण अपात्र ठरले. त्यांतले 2,973 भरतीच्या वेळी अल्पवयीन होते, उरलेले 1,035 उशिरा भरती झालेले. 2010 मध्ये त्यांना छावणीबाहेर काढले. संयुक्त राष्ट्रांच्या निधीतून त्यांच्यासाठी शाळा, धंदेशिक्षण, छोट्या व्यवसायाला मदत अशा योजना निघाल्या. योजना वाईट नव्हत्या. पण कागदावर त्यांच्या नावापुढे शब्द पडला 'अयोग्य'. नेपाळीतही हा शब्द असाच आणि अर्थही हाच. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, जिला शाळेतून उचलून नेले किंवा जी स्वतःहून गेली, ती पाच-सहा वर्षांनी गावी परतते ती हा शिक्का घेऊन. दोन वर्षांनी तिच्या शेजारच्या छावणीतला 'योग्य' सैनिक लाखांचा धनादेश घेऊन घरी येतो. ती मुले पुढे रस्त्यावर आली, तो शब्द काढा म्हणून भांडली. पैशाची मागणी होतीच, पण आधी शब्दाची होती. ज्या समाजाला हजारो वर्षे असलेच शब्द चिकटवले गेले, त्याला त्यांचे भांडण परके वाटू नये.

कचेरीत काम करणारा प्रत्येक जण जाणतो की खर्चाला शीर्ष लागते. ज्याला शीर्ष नाही त्याला पैसा नाही, मग गरज कितीही असो. सरकारने अंतरिम मदत सुरू केली. ठार झालेल्याच्या आणि बेपत्ता झालेल्याच्या कुटुंबाला वाढवत वाढवत एकूण 10 लाख नेपाळी रुपये. जखमींना, घरदार गेलेल्यांनाही काही ना काही. पण जिच्यावर अत्याचार झाला त्या बाईला त्या यादीत रकानाच नव्हता. ज्यांना कोठडीत छळले त्यांनाही नव्हता. वर तेव्हाचा कायदा असा होता की बलात्काराची तक्रार 35 दिवसांच्या आत व्हायला हवी. युद्ध चालू, दोन्हीकडे बंदुका, आणि बाईने 35 दिवसांत कोणत्या चौकीची पायरी चढायची?

संचालक म्हणेल, रकाना मंत्रिमंडळ ठरवते, आम्ही फक्त वाटतो. नियमाने ते बरोबरच आहे. तथापि प्रस्ताव ज्या टेबलावरून जातो त्या टेबलावरचा माणूस 'इथे एक रकाना कमी आहे' एवढा शेरा मारू शकतो. कारकुनाचा शेरा लहान असतो, पण फाईल परत फिरवतो. जिल्ह्याजिल्ह्यांत स्थानिक शांती समित्या होत्या, मदतीचे अर्ज त्यांच्याकडूनही जात. त्यांतल्या जागा बऱ्याच ठिकाणी पक्षांनीच वाटून घेतल्या. चार पक्षांच्या पुरुषांसमोर उभे राहून गावकुसाबाहेरच्या बाईने काय सांगावे, हा प्रश्न आमच्या वाचक भगिनी आम्हा पुरुषांपेक्षा चांगला जाणतात. 2010 साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवले की आपल्या हातून जाणाऱ्या शांतीच्या पैशांतला किमान 15 टक्के स्त्रियांच्या बरोबरीसाठीच खर्चावा. ठराव चांगला, पण करार होऊन तोवर चार वर्षे गेली होती.

2015 मध्ये सत्य निरूपण आयोग बसला आणि त्याच्याकडे 63 हजारांवर तक्रारी आल्या. ऑगस्ट 2024 मध्ये कायदा दुरुस्त झाला. अत्याचार झालेल्या स्त्रियांना तक्रारीसाठी नव्याने मुदत आणि भरपाईसाठी वेगळा निधी, अशी तरतूद त्यात आहे. म्हणजे पुन्हा एक पेटी, पुन्हा एक वही आणि पुन्हा एक संचालक. या वेळी रकाने कोण पाडतो आणि त्या मंडळात दलित व स्त्रियांना किती खुर्च्या मिळतात, यावर आमची नजर राहील. जे कळेल ते याच जागी लिहू.