अंगठा बदलता येत नाही

बेळ्ळंदूरमध्ये सदनिका घेणाऱ्याला दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावेच लागते. तेथे त्याचे छायाचित्र, आधार क्रमांक आणि बोटांचे ठसे दस्ताला जोडले जातात. तलावावरच्या फेसामुळे देशाला ठाऊक झालेल्या या उपनगरातले माझे बहुतेक शेजारी संगणक क्षेत्रातले. अनोळखी दुव्याला ते स्पर्श करत नाहीत आणि ओटीपी घरच्यांनाही सांगत नाहीत. २०२३ मध्ये बंगळूरुत जे घडले, त्यात ही दक्षता निरुपयोगी ठरली.

त्या वर्षी शहरातल्या अनेक खात्यांतून ओटीपीविना पैसे गेले. वाट होती आधार-आधारित देयक प्रणालीची, म्हणजे ‘एईपीएस’ची. बँकेचे नाव, आधार क्रमांक आणि अंगठा एवढ्यावर ती एका व्यवहारात १०,००० रुपयांपर्यंत रक्कम देते. मालमत्तेच्या दस्तांवरील ठशांची नक्कल करून हे व्यवहार झाल्याचा संशय पोलिसांना होता. पुढे कर्नाटकच्या नोंदणी खात्याने ‘कावेरी’ प्रणालीतील दस्तांवरचे ठसे झाकण्याचे पाऊल उचलले. ज्या ठशांची सक्ती राज्यानेच केली, ते चोरांच्या हाती लागावेत, हा या प्रकरणाचा गाभा आहे. पासवर्ड बदलता येतो. अंगठा जन्माचा असतो.

उपाय सांगितला जातो तो बायोमेट्रिक कुलपाचा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून किंवा ॲपमधून ते लावता येते आणि गरजेपुरते उघडता येते. ते जरूर लावावे. परंतु ज्या वृद्धेला दरमहा अंगठा टेकवूनच शिधा मिळतो, जिच्याकडे स्वतःचा मोबाइलही नाही, तिने हे कुलूप कसे चालवावे? खरे तर ही सुविधा मागितल्याशिवाय सुरूच नसावी. ती बंद करण्याचा भार आज नागरिकावर आहे.

पैसे गेल्यावर वेळेला फार महत्त्व आहे. १९३० या क्रमांकावर आणि बँकेकडे तत्काळ, तेही लेखी, कळवावे. तक्रारीचा क्रमांक जपावा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक खातेदाराची नसेल आणि बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजी दिवसांत त्याने कळवले, तर त्याचे दायित्व शून्य. दायित्व सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. प्रत्यक्षात ‘व्यवहार तुमच्या ठशानेच झाला आहे’ हे उत्तर ऐकावे लागते आणि मग आपण तेथे नव्हतो, हे पीडितालाच पटवून द्यावे लागते.

ओळखचोरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमात तीन वर्षांपर्यंत कारावास आहे. भरपाईचे काय? त्याच कायद्यातील ४३ अ कलमाने निष्काळजी कंपन्यांकडून ती मागता येत असे. सरकारी खात्यांना ते लागू नव्हतेच. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात ते वगळण्याचीच तरतूद आहे. नव्या कायद्यातला दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जातो, पण तो भारताच्या संचित निधीत जमा होणार. ज्याचे खाते रिकामे झाले त्याच्या हाती त्यातले काहीच येत नाही. खासगीपणाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेले न्यायमूर्ती पुट्टस्वामी याच शहराचे रहिवासी होते. तो हक्क २०१७ मध्ये मान्य झाला. तो मोडला गेल्यावर दाद कोठे मागायची, याचे उत्तर संसदेने दिलेले नाही.

माझे ठसे मी कुलूपबंद केले आहेत. त्याआधी निघालेल्या खरेदीखताच्या प्रती मात्र कोणाकोणाकडे आहेत, हे मला कोणतेही खाते सांगू शकत नाही.