बिअर : ताजी की मुरलेली?

वाइन जितकी जुनी तितकी सरस, हा समज आता क्राफ्ट बिअरलाही चिकटू लागला आहे. महागडी बाटली वर्षानुवर्षे जपून ठेवण्याची हौस अमेरिका व युरोपात रुजली आहे. बहुतेक बिअरच्या बाबतीत मात्र ही प्रतीक्षा नुकसानीचीच ठरते.

हॉप्सचा सुगंध अल्पायुषी असतो. बाटलीत उरलेल्या ऑक्सिजनमुळे तो विरतो, कडवटपणा घटतो आणि अखेरीस बिअरला ओल्या पुठ्ठ्यासारखी चव येते. उष्णतेत हे सारे अधिक वेगाने घडते. कॅलिफोर्नियातील रशियन रिव्हर ब्रुअरीच्या 'प्लिनी द एल्डर' बिअरमध्ये 8 टक्के अल्कोहोल असते. तरीही ती साठवू नका, ताजीच प्या, असे तिचे लेबलच बजावते. म्हणजे अल्कोहोलचे प्रमाण हा एकमेव निकष नव्हे.

अपवादही आहेत. बेल्जियमची आंबट ग्यूझ बाटलीतील जिवंत यीस्ट व जिवाणूंमुळे दीर्घकाळ बदलत राहते. इंग्लंडमध्ये 1968 साली प्रथम तयार झालेली 'थॉमस हार्डीज एल' तर मुरवण्यासाठीच प्रसिद्ध झाली. अशा माल्टप्रधान, तीव्र बिअरला कालांतराने शेरीसारखी चव येते.

युरोपीय संघात 10 टक्के वा अधिक अल्कोहोलच्या पेयांवर 'बेस्ट बिफोर' तारीख सक्तीची नाही. अशा बाटलीबाबतचा निर्णय त्यामुळे ग्राहकावरच येतो. मुरवायचीच असेल तर दोन बाटल्या घेऊन एक लगेच उघडणे श्रेयस्कर. ताजी चवच ठाऊक नसेल, तर दुसरी मुरली की बिघडली, हे कळणार कसे?