विश्लेषण : घाटातल्या वळणावर दुचाकीचा ‘ताबा’ नेमका कुठे सुटतो?

घाटातल्या दुचाकी अपघाताची बातमी बहुतेकदा एका ठरावीक वाक्यात संपते : वळणावर चालकाचा ताबा सुटला आणि दुचाकी समोरून येणाऱ्या वाहनावर आदळली. ताम्हिणी असो, माळशेज असो की आंबोली, वाक्य तेच. ते खोटं नसतं, पण त्यातून कळत काहीच नाही. ताबा सुटतो तो शेवटचा क्षण. चूक बहुधा त्याआधी, वळणात शिरतानाच झालेली असते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा जीव गेला. त्यातले सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते. अतिवेग हे सर्वात मोठं कारण नोंदवलं गेलं. पण वळणावर ‘अति’ म्हणजे किती?

दहा किलोमीटरचा फरक

वळताना लागणारी पकड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २५ मीटर त्रिज्येचं वळण घेऊ. ताशी ४० किलोमीटर वेगानं ते घेताना दुचाकी साधारण २७ अंश झुकते. ५० च्या वेगाला ३८ अंश झुकावं लागतं आणि ६० ला जवळपास ४९ अंश. ४९ अंशांच्या आधीच साध्या दुचाकीचा फूटरेस्ट रस्त्याला घासू लागतो. ५० चा वेग कोरड्या, चांगल्या डांबरावर निभावेल. पावसानं ओल्या रस्त्यावर टायरला तेवढी पकडच मिळत नाही. म्हणजे सरळ रस्त्यावर किरकोळ वाटणारे दहा किलोमीटर वळणावर ‘निघालो’ आणि ‘पडलो’ यांतला फरक ठरू शकतात.

चाक रेघेच्या आत, डोकं रेघेबाहेर

मधल्या रेघेच्या आत राहिलं की आपण आपल्या बाजूला आहोत, असं चालकाला वाटतं. चारचाकीच्या बाबतीत ते बरोबरही आहे. दुचाकी मात्र झुकते. बसलेल्या चालकाचं डोकं रस्त्यापासून सुमारे दीड मीटर उंच असतं. ३० अंश झुकल्यावर ते चाकाच्या रेषेपासून साधारण पाऊण मीटर बाजूला जातं. आपल्याकडे वाहतूक डावीकडून. त्यामुळे उजव्या वळणावर हे झुकणं नेमकं समोरच्या वाहनांच्या बाजूला होतं. चाक रेघेपासून अर्धा मीटर आत असलं, तरी हेल्मेट पलीकडच्या लेनमध्ये वीत-दीड वीत गेलेलं असतं. त्याच वेळी समोरून एसटी आली तर? अरुंद वळणावर लांब गाडीला वळायला आधीच आपली लेन पुरत नाही.

म्हणून उजव्या वळणावर दुचाकी आपल्या लेनच्या डाव्या भागात ठेवायची. पुढचं लवकर दिसतं आणि झुकायला जागा उरते. अगदी कडेला मात्र नको. घाटात तिथेच खडी साचलेली असते, साईडपट्टी खचलेली असते, डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यानं शेवाळ धरलेलं असतं.

डाव्या वळणाचं गणित जास्त अवघड आहे. लेनच्या उजव्या भागातून गेलं तर पुढचं जास्त दिसतं, आणि रेसिंगचे व्हिडिओ पाहून शिकलेले बरेच जण तिथूनच जातात. पण समोरच्यासाठी तेच वळण उजवं असतं आणि तो वळण कापत आला तर थेट आपल्या लेनमध्ये येतो. रेस ट्रॅकवर समोरून कोणी येत नाही, एवढी साधी गोष्ट इथे विसरली जाते. ब्रिटनमध्येही वाहतूक डावीकडून चालते. तिथल्या पोलिसांच्या प्रशिक्षणातून आलेल्या ‘मोटरसायकल रोडक्राफ्ट’ या पुस्तकात वळणासाठी जागा निवडताना सुरक्षितता पहिली धरली आहे. पुढचं थोडं कमी दिसलं तरी चालेल.

त्याच पद्धतीत वेग ठरवण्याची एक सोपी खूण आहे. पुढे पाहताना रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात, त्या बिंदूकडे लक्ष ठेवायचं. तो जवळ येत असेल तर वळण आवळतंय, वेग कमी करा. तो पुढे सरकू लागला तर वळण सुटतंय. ओल्या रस्त्यावर ताशी ४० च्या वेगाला थांबायला २५ ते ३० मीटर लागतात, ६० ला ५० मीटरच्या आसपास. तेवढं दिसत नसेल तर वेग जास्त आहे, पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

मग एबीएस कशासाठी?

एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं आहे. जून २०२५ मध्ये ते लहान दुचाकींनाही लागू करण्याचा मसुदा केंद्रानं काढला. सरळ रस्त्यावर अचानक ब्रेक मारताना चाक लॉक होणं यानं टळतं आणि त्यासाठी ही सक्ती हवीच. पण झुकलेल्या दुचाकीत टायरची बरीचशी पकड वळण्यातच खर्च झालेली असते. तिथे जोरात ब्रेक दाबला तर साध्या एबीएसचाही फार उपयोग होत नाही. एक तर चाक निसटतं किंवा दुचाकी उभी होऊन सरळ जाते. डाव्या वळणावर सरळ म्हणजे समोरच्या लेनमध्ये. झुकावाचा कोन मोजून ब्रेक सांभाळणारं ‘कॉर्नरिंग एबीएस’ आहे, पण महागड्या दुचाकींवर. बाकीच्यांनी ब्रेकचं काम वळणाआधी उरकलेलं बरं.

रंगाचा उपाय

ऑस्ट्रियात यावर एक स्वस्त प्रयोग झाला. तिथे वाहतूक उजवीकडून असल्यानं डोकं रेघेबाहेर जाण्याचा धोका डाव्या वळणावर. त्या वळणांवर मधल्या रेघेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या खुणा रंगवण्यात आल्या. ओला रंग निसरडा असतो हे प्रत्येक दुचाकीस्वाराला ठाऊक असतं, म्हणून तो खुणा टाळतो आणि आपोआप रेघेपासून लांब राहतो. भीतीचाच असा उपयोग करून घेणं हुशारीचं आहे. स्कॉटलंडमध्येही २०२० पासून वळणाच्या अलीकडे दुचाकीसाठी ‘दार’ दाखवणाऱ्या खुणांची चाचणी झाली. अनेक ठिकाणी चालकांचा वेग उतरला आणि लेनमधली जागाही सुधारली.

आपल्या घाटांत आधी मधली रेघ पुसली न जाणं हीच मोठी गोष्ट. आणि परवान्याच्या चाचणीत दुचाकीस्वाराला मैदानात आठचा आकडा काढून दाखवावा लागतो. तेव्हा वेग चालण्याइतका असतो आणि हँडल वळायचं त्याच बाजूला फिरवलं जातं. घाटातल्या वेगाला उलट करावं लागतं : डावीकडे वळायचं तर हँडलची डावी मूठ पुढे दाबायची. परवान्याच्या चाचणीत ते कुणी विचारत नाही.